'ॲक्सेप्ट ऑल'चं बटण एवढं मोठं का असतं?

आमच्या जळगाव-धुळ्याकडे सध्या ज्याला त्याला एकच शंका, "हाऊ मोबाईल आपलं बोलनं आयकस." कोणी ठिबकच्या नळ्यांचे भाव बघितले की थोड्या वेळाने फेसबुकवर ठिबकचीच जाहिरात, पोरीच्या लग्नासाठी मंगळसूत्राची डिझाईनं बघितली की पुढे महिनाभर जिकडे तिकडे सोनंच सोनं. (जळगावच्या माणसाला सोन्याची जाहिरात दाखवायला तशीही काही हुशारी लागत नाही, ते सोडा.) पण भो, त्याला ऐकायची गरजच काय? तुम्ही स्वतः साइटवर जाऊन बघून आले ना, तेवढं नोंदवायला कुकी पुरते.

कुकी म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमधे ठेवते तो बारकासा मजकूर, बहुतेक वेळा नुसता एक लांबलचक नंबर, पुढच्या वेळी त्या साइटवर गेलो की ब्राउझर तो नंबर तिला परत दाखवतो, बास. १९९४ साली नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने हे काढलं कारण वेबला काही लक्षातच राहत नव्हतं, एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की हा तोच माणूस आहे हे सर्व्हरला कळायचं नाही, मग खरेदीची कार्ट चालणार कशी. म्हणजे कुकी मुळात वाईट नाही. रेल्वेच्या तिकिटाला लॉगिन केलं आणि दर पानावर साइट 'तू कोण' विचारायला लागली तर भुसावळहून पुण्याचं तत्काळ तिकीट जन्मात मिळायचं नाही. तसंही मिळत नाहीच म्हणा.

लफडं आहे ते थर्ड पार्टी कुकीचं. आपण उघडतो बातम्यांची साइट, पण त्या पानावर जाहिरातीचा जो चौकोन असतो तो येतो तिसऱ्याच कंपनीकडून आणि तीही आपली कुकी ठेवून जाते, तिचाच चौकोन केळीच्या भावाच्या साइटवर, तिचाच रेसिपीच्या साइटवर, तिचाच नोकरीच्या साइटवर. असं समजा की जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या प्रत्येक दुकानात एकाच माणसाचा पोऱ्या वही घेऊन बसलाय, तुमचं नाव त्याला माहीत नाही पण शर्टावर त्याने नंबर चिकटवलाय, तुम्ही कोणत्या दुकानात काय हातात घेतलं, भाव विचारून परत ठेवलं, सगळं त्या नंबरपुढे लिहिलं जातं. दुकानदाराला त्याचे पैसे मिळतात म्हणून तो काही बोलत नाही.

मला खरा राग येतो तो परवानगी मागायच्या पद्धतीचा. केळीचे भाव बघायला साइट उघडा, अर्धा स्क्रीन झाकून पाटी येते, साइट मराठी पण पाटी इंग्रजीत, 'ॲक्सेप्ट ऑल' हिरवंगार ठळक आणि नाही म्हणायचं तर 'मॅनेज प्रेफरन्सेस' अशा फिकट अक्षरात की उन्हात शेतात उभ्या माणसाला दिसणारच नाही, ते दाबलं की पुढे वीस-पंचवीस बटणांची रांग. रावेर-यावलचा शेतकरी व्यापाऱ्याला फोन लावायच्या घाईत असतो, तो हो दाबणार नाही तर काय करणार, आणि याला म्हणायचं त्याची संमती!

या पाट्या आल्या युरोपच्या कायद्यामुळे. २००९ मधे तिथल्या नियमात बदल झाला की गरजेपलीकडची कुकी ठेवायची तर आधी विचारा, मग २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा तिथला डेटा-संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि पाट्यांचा पूरच आला. २०१९ मधे तिथल्या कोर्टाने सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नाही. आणि जानेवारी २०२२ मधे फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा-संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, कारण काय तर हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला जास्त. म्हणजे माझी जी तक्रार आहे तीच, फक्त तिथे तिला दंडाचा आकडा लागला.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली पाहिजे, ती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं पाहिजे, आणि सूचना इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय पाहिजे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे मराठी मिळेल (आपल्या अहिराणीचा नंबर तिथे नाही). नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिलेत, तोवर पाट्या आहेत तशाच.

म्हणून माझं मत असं की प्रत्येक पाटीशी भांडत बसूच नका, ब्राउझरमधेच एकदा बंदोबस्त करा. ॲपलच्या सफारीत मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकी आपोआप बंद आहे, फायरफॉक्सने २०२२ मधे प्रत्येक साइटच्या कुकी आपोआपच वेगवेगळ्या कोंडून ठेवायला सुरुवात केली. राहिलं क्रोम, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक तेच वापरतात. गूगलने जानेवारी २०२० मधे सांगितलं की दोन वर्षांत बंद करू, मग पुढे ढकललं, परत ढकललं, आणि जुलै २०२४ मधे सांगितलं की राहू द्या. जाहिरातीवर पोट असलेल्या कंपनीकडून दुसरी अपेक्षा तरी काय ठेवायची.

तर अँड्रॉइडवर क्रोमच्या वरच्या तीन टिंबांवर दाबा, सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, तिथे थर्ड पार्टी कुकीज, आणि ब्लॉक करून टाका. क्वचित एखादं पेमेंटचं पान अडतं, तर तेवढ्या साइटला सूट देता येते, सगळं परत उघडं करू नका. जुना कचरा काढायचा तर 'डिलीट ब्राउझिंग डेटा' मधे कुकीजवर टिक, पण पासवर्डवरची टिक काढलेली आहे का ते बघून घ्या, आणि बहुतेक सगळीकडून लॉगआउट व्हाल हे धरून चाला, आईवडिलांच्या मोबाईलवर करायच्या आधी त्यांचे पासवर्ड कुठे लिहिलेत ते विचारा नाहीतर शिव्या खाल. इन्कॉग्निटोने, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीने, सगळं लपतं हा गैरसमज आहे, खिडकी बंद केल्यावर हिस्टरी आणि कुकी जातात एवढंच, मधल्या काळात साइटला तुम्ही दिसताच.

आणि हे सगळं ब्राउझरपुरतं. ॲप कुकीवर चालत नाहीत, त्यांच्यासाठी मोबाईलला एक वेगळा जाहिरातीचा आयडी असतो, सेटिंग्जमधे गूगलच्या 'ॲड्स' मधे तो डिलीट करता येतो. शिवाय इथे फेसबुकवर कोणी लिंक टाकली आणि तुम्ही दाबली तर ती बऱ्याचदा फेसबुकच्या आतल्याच ब्राउझरमधे उघडते, तिथे क्रोममधली सेटिंग काही कामाची नाही, वरच्या तीन टिंबांतून बाहेरच्या ब्राउझरमधे उघडायचं. आयफोनवाल्यांनी कमेंटमधे विचारा, आमच्या पुतण्याला टॅग करतो.