गेट साडेदहाला बंद

"कार्टून बघायला माणूस पहाटे साडेचारला उठतो? आणि वर साडेचारशे रुपये मोजतो?"

प्रश्न मंद्याचा. ज्याला विचारला तो ज्ञाना निवांत क्रीमरोल चहात बुडवत होता. आग लावली शलाकाने. ज्ञानाच्या मोबाइलमधला एक फोटो तिने सगळ्या कट्ट्याला फिरवून दाखवला. अंगात हिरव्या-काळ्या चौकड्यांचा ढगळ झगा, कपाळावर रंगवलेला व्रण, हातात फोम शीटची तलवार आणि मागे मल्टिप्लेक्सचा जिना. 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमेशनपट १२ सप्टेंबर २०२५ला भारतात लागला, त्या पहिल्या आठवड्यातला सकाळी सहाचा शो.

आमचा कट्टा नवी पेठेत, गांजवे चौकापासून हाकेच्या अंतरावर. आजूबाजूला अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि विजेच्या खांबांवर 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' असे चिकटवलेले कागद. ज्ञाना त्यातल्याच एका कागदावरचा नंबर लावून इथे आला. मूळचा सेलूचा, जिल्हा परभणी. स्पर्धा परीक्षा देत नाही, त्यामुळे या भागात तो अल्पसंख्याक. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. सकाळी सहा ते दहा ही त्याची ऐन गर्दीची वेळ, कारण उपाशीपोटीची साखर तपासायची तर लोकांना चहाच्या आधीच सुई टोचून मोकळं व्हायचं असतं. म्हणजे सहाच्या शोसाठी त्याने सोबतच्या पोराशी ड्यूटी बदलली आणि बदल्यात दसऱ्याची सुटी देऊन टाकली. हे कळल्यावर मंद्या आणखीच भडकला.

"दसरा सोडला? जपानी कार्टूनसाठी?"

"दसऱ्याला ट्रॅव्हल्सवाले दुप्पट भाडं घेतेत, दादा. तसाबी गेलो नसतो."

मंद्याचा जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी विम्याची आणि स्वभाव सगळ्यांचा पालक असल्यासारखा. त्याचं म्हणणं अगदीच फुसकं होतं असं मी म्हणणार नाही. त्याचा मुद्दा असा की, हे जपानी प्रकरण ज्ञाना गावाकडे मोबाइलवर बघतच होता. मग पुण्यात येऊन नवं काय केलं? इथे १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. १९६३पासून कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक होतो, तोही या कट्ट्यापासून चालत जाता येईल अशा भरत नाट्य मंदिरात. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, जानेवारीत 'पिफ' हा चित्रपट महोत्सव असतो. "लोक बाहेरून येतात, स्वस्तात खोली शोधतात, मोबाइलमध्ये डोकं घालून झोपतात. गाव बदललं काय आणि नाही काय!"

"तू सवाईला शेवटचा कधी गेलास रे?" शलाकाने विचारलं.

"तो मुद्दा नाहीये."

"कोणाचं गाणं ऐकलंस?"

मंद्याला स्टॉलवर खाल्लेलं सगळं आठवलं, गायकाचं नाव काही आठवेना. आम्ही ते फार ताणलं नाही, कारण बाकीच्यांची अवस्था फार वेगळी नव्हती.

शलाका आयटीत आहे, ऑफिस हिंजवडीला, आणि मंद्याला खिंडीत गाठणं हा तिचा आठवड्याचा विरंगुळा. तिने दुसरीकडून सुरुवात केली. मंद्याची पुतणी जपानी शिकते. जुलै किंवा डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, देणार आहे, एन-फोर पातळीची. मंद्या हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. पुण्यातल्या निम्म्या घरांत असं कुणीतरी असतंच. "म्हणजे नोकरीसाठी जपानी शिकलं की ते करिअर, आणि आवडीनं जपानी बघितलं की पोरकटपणा? आणि तू सकाळी फिरायला जातोस ती बाग कुठली?"

"पु. ल. देशपांडे उद्यान."

"ती ओकायामाच्या बागेवरून केलीये. जपानीच आहे ती."

"बाग वेगळी."

"आणि जपान्यांनी केलेलं रामायण? ते टीव्हीवर लागायचं तेव्हा जेवणाचं ताट घेऊन समोर बसायचास, तूच सांगितलंयस."

१९९२चा तो सिनेमा जपानच्या युगो साको यांनी आपले ॲनिमेटर राम मोहन यांना बरोबर घेऊन केला होता. २०२५च्या जानेवारीत तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मंद्या आईला घेऊन गेला होता. "ते कार्टून नव्हतं, ते रामायण होतं," असं तो म्हणाला. यावर काय बोलायचं असतं?

एवढा वेळ ज्ञाना गप्प. तो तसा कमी बोलतो. दिवसभर अनोळखी लोकांच्या घरात "मूठ घट्ट धरा, आता सोडा" म्हणून घसा दुखत असेल. पण झग्याचा विषय निघाला आणि गडी खुलला. ते चौकड्यांचं कापड त्याला लक्ष्मी रोडला कुठेच मिळालं नाही. शेवटी हिरवं पॉपलीन घेतलं, कपड्याच्या रंगाची काळी बाटली आणली आणि खोलीत पेपर पसरून पट्टीने चौकोन आखले. एकाआड एक रंगवायचे. एक चौकोन वाळल्याशिवाय शेजारचा घेता येत नाही, नाहीतर रंग फुटून कडा जाते. खोलीत चार कॉट. दोन एमपीएससीवाले, एक सीए करणारा आणि हा. तीन रात्री कापड कॉटखाली वाळत होतं. सीएवाल्याने वासाची तक्रार केली आणि चौथ्या दिवशी स्वतःच ब्रश घेऊन बसला. फोम शीट बोहरी आळीतून. झगा शिवणाऱ्या टेलरने विचारलं, "बुद्धिबळाची स्पर्धा आहे का?"

"पण कशासाठी?" मंद्या आता भांडत नव्हता, खरंच विचारत होता.

"ह्यो झगा ज्याचा, तो पिक्चरचा हिरो तांजिरो थोरला हाय, दादा. कोळसा विकतो. घरावर राक्षस येतो, सगळे जातेत, एक बहीण उरते आणि तिचीच राक्षसीण होती. तिला पाठीवरच्या पेटीत घालून हिंडतो, बरी करायची म्हणून. मी बी थोरलाच." मग थोडं थांबून, "गावाकडं मी एकटाच बघायचो. हिंदीत डब केलेलं, तुकड्या-तुकड्यात. पोरं म्हणायची, ह्याला येड लागलंय. इथं त्या हॉलमधी दीडशे येडी एकदम वरडायली. माझ्या आधी वरडायली! पुढं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक, तरी वरडायली."

आता गंमत अशी, की मंद्याच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे पुरुषोत्तमचे दिवस. कॉलेजच्या एकांकिकेत तो प्रकाशयोजनेच्या पोरांना वायरी ओढून द्यायचा. दोन पेले पोटात गेले की (चहाचे, गैरसमज नको) तो ज्याबद्दल बोलतो ते नाटक नव्हे, भरतमधला गोंधळ. "अरे आवाज कुणाचा!" म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडणारी पोरं. एकांकिकेचं नाव त्याला धड आठवत नाही, पण कुठल्या कॉलेजने कुणाला कसं गप्प केलं ते तारखेसकट पाठ. मी हे बोलून दाखवलं. मंद्या म्हणाला, "ते आपल्या माणसांसाठी ओरडणं होतं." ज्ञाना म्हणाला, "मंग ही कोण होती?"

यावर मंद्याने विषय बदलला. "बरं, कार्टून बघ. पण दोन वर्षांत एक नाटक नाही? पुण्यात राहून?"

इथे मला मध्ये पडावंसं वाटलं, कारण हा प्रश्न आम्ही सगळेच बाहेरून आलेल्या पोरांना जरा वरच्या पट्टीत विचारतो. नाटकाची जाहिरात येते पेपरात. ज्ञाना पेपर विकत घेत नाही. त्याला सगळं कळतं ते इन्स्टावर. ठीक आहे, समजा कळलं. बालगंधर्वला रात्री साडेनऊचा प्रयोग. तो सुटणार साडेबाराला. त्या वेळी बस कुठली? गाडी लॅबची, ती संध्याकाळी जमा करावी लागते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्ञानाच्या वाड्याचं गेट साडेदहाला बंद होतं. तशी पाटीच आहे, खाली मोठ्या अक्षरांत 'विनंती करू नये'. मालक वाईट नाहीत, पण कुलूप म्हणजे कुलूप. एकदा पोरं मित्राला स्टेशनवर सोडून अकराला आली तर त्यांनी रात्र अभ्यासिकेत खुर्चीवर काढली. वर पहाटे साडेपाचला उठून सहाला कुणाच्या तरी दारात सुई घेऊन उभं राहायचं. आपण पोराची आवड तपासत बसतो, आणि त्याने काय बघायचं ते ठरवतंय त्या गेटचं कुलूप. पहाटे पाचला मात्र गेट उघडतं, दूधवाल्यासाठी. सहाचा शो त्याला बरोबर बसला.

"मग दुपारी जा," मंद्या म्हणाला.

"दुपारी रिपोर्ट वाटायचे असतेत, दादा."

"रविवारी?"

रविवार हा या भागात वेगळाच वार असतो. सकाळी नमुने घ्यायचेच, रविवारी तर जास्त, कारण नोकरदार तेव्हाच घरी सापडतात. दुपारी मेसमध्ये फीस्ट. गुलाबजाम किंवा श्रीखंड, मसालेभात, आणि तुडुंब जेवायचं, कारण रात्री मेस बंद. रविवारी संध्याकाळी नवी पेठेत हिंडून बघा, वडापावच्या गाड्यांभोवती पोरांची कशी झुंबड असते. पुण्यात वाढलेल्या माणसाला रविवारची संध्याकाळ म्हणजे घरची खिचडी नाहीतर हॉटेल. कॉटवर राहणाऱ्याला आठवड्यातली सगळ्यात लांब संध्याकाळ तीच. पहिले काही महिने ज्ञाना ती झोपून काढायचा. आता संभाजी बागेत त्यांची टोळी जमते, त्या सहाच्या शोला ओळख झालेली. त्यात एक धाराशिवची नर्स आहे, एक कोथरूडचा अकरावीतला मुलगा आहे, एक फूड डिलिव्हरी करणारा आहे. 'वन पीस' ही जपानी चित्रकथा १९९७पासून चालू आहे, ते संपेल तेव्हा आपण किती वर्षांचे असू यावर तासन् तास भांडतात म्हणे. बाटलीतलं पाणी आणि मधोमध भेळेचा कागद.

हे ऐकून मंद्या जरा विरघळला, असं मला वाटलं. चुकीचं वाटलं. तो खिशातून मोबाइल काढून रविवारचे प्रयोग शोधायला लागला होता. "हे बघ, सुदर्शनला. शनिवार पेठेत, चालत जाता येतं. संध्याकाळचा प्रयोग, नऊच्या आत सुटेल. गेटचा प्रश्न नाही. मेस बंद, म्हणजे जेवण माझ्याकडून. आता बोल!"

शलाकासुद्धा गप्प झाली. मंद्या कुणाला जेवण देतोय हे आमच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच घडत होतं.

ज्ञानाने क्रीमरोलचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात झटकले. "रविवारी संध्याकाळी बागेत जायचं असतंय ना, दादा."

"एक रविवार!"

"एक रविवार गेलं नाही की ते वाट बघतेत. फोन करतेत."

"अरे मग मी काय करू? नाटक तुझ्या खोलीवर आणू?"

"आणा की," ज्ञाना म्हणाला. "कॉट चारच हायेत, पण करू बसायची सोय. फक्त साडेदहाच्या आत संपवा."