किल्ली नाही म्हणून फडताळ किलोवर देऊ नका

गेल्या दोन महिन्यांत एक निरोप मला पाच-सहा जणांनी पाठवला. शेवटी वाईच्या मावशीनेही पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं का गं?" मजकूर थोडक्यात असा: जुन्या कपाटाला मूळ कुलूप आणि मूळ किल्ली असेल तरच ते अँटिक, नाहीतर नुसतं लाकूड, किलोवर देऊन टाका. कुलपावर इंग्लंडचं नाव असेल तर कपाट विलायती. लाकूड काळं म्हणजे शिसवी. कुलूप अडलं तर खोबरेल सोडा, पितळ चिंच-मिठाने घासा, तरीही उघडलं नाही तर फोडा. आणि शंभर वर्षांवरचं कपाट घरात ठेवणं गुन्हा आहे, सरकार जप्त करतं, तेव्हा वेळेत विका.

मावशीने पुढे लिहिलं होतं, की माजघरातलं फडताळ बघायला एक जण येऊन गेला, किल्ली नाही म्हटल्यावर तीन हजार देतो म्हणाला. सांगलीत आमच्या घरी जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं काम वडिलांपासून चालतं. सुतारकाम भाऊ करतो, कुलपं आणि पॉलिश माझ्याकडे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पहिला मुद्दा मूळ कुलूप-किल्लीचा. सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतंय, म्हणून यावर जरा सविस्तर.

किल्ली हा कपाटाच्या वयाचा पुरावा नाही. कपाटाला आणि खणांना लावायची साधी कुलपं कारखान्यांत ढिगाने बनत. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आणि त्याच्या शेजारचं विलनहॉल ही गावं याच धंद्यावर जगली. अशा कुलपांत एक-दोन लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, किंवा नुसते आतले अडथळे असतात, त्यामुळे किल्ल्यांचे प्रकार मोजकेच. माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात जुन्या किल्ल्या साठवलेल्या आहेत. साधं कुलूप असेल तर त्यातली एखादी बसते, दाताला कानस मारायचीही वेळ येत नाही. विकणाऱ्याकडेही असाच डबा असतो. तेव्हा कपाटाला किल्ली लागते एवढ्यावरून ती त्याच कपाटाची ठरत नाही.

आता उलट बाजू. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत कुलूप-किल्ली हरवायला कारणं थोडी का आहेत? गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत किती घरांतलं सामान रातोरात दुसरीकडे हललं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पाटणकडची घरं पडली, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेलं कपाट फोडूनच उघडलं असणार. वाटण्यांत कपाट थोरल्याकडे गेलं आणि जुडगा धाकट्या जावेकडे राहिला, हे तर घरोघरचं. आणि सांगलीत पूर. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातून तेव्हा आमच्याकडे जी कपाटं आली, त्यांत प्लायवूडचं एकही वाचलं नाही, थर सुटून पानं झाली होती. सागवानी कपाटं फुगली, दारं बसेनात, पण सावलीत चार-पाच महिने विटांवर उभी ठेवल्यावर ती परत जागेवर आली. कुलपांचं मात्र भजं झालं होतं. वरचं पितळ शाबूत, आतलं लोखंड गंजून एकजीव. ती बदलावी लागली. त्या कपाटांना आज मूळ कुलूप नाही. म्हणून ती किलोवर द्यायची?

वय बघायचं असेल तर किल्लीच्या भोकाच्या खाली बघा. घरातली कर्ती बाई जुडग्यातली एक किल्ली भोकात घालते, बाकीच्या खाली लोंबतात आणि फिरवताना लाकडावर घासतात. पन्नास-साठ वर्षं असं झालं की तिथे अर्धचंद्रासारखा उथळ खड्डा पडतो, बोटाने चाचपला तर गुळगुळीत लागतो. विकणारा हा खड्डा सँडपेपरने एका दिवसात करू शकतो, पण त्याच्या कडा सगळीकडे सारख्या येतात. खऱ्या खड्ड्याची एक बाजू जास्त झिजलेली असते, कारण हात एकाच दिशेने जास्त जोर लावतो.

मग स्क्रू बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाच्या स्क्रूंना टोकच नसे, खालून बोथट असत, आणि हाताने पाडलेली खाच बरोबर मधोमध नसे. प्लसच्या तोंडाचा स्क्रू तर १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाला, आपल्याकडे त्यानंतरच. शेवटी खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या कोपऱ्यांचे सांधे बघा. हाताने कापलेले दाते लहान-मोठे असतात, मशीनचे एकसारखे.

दुसरा मुद्दा: इंग्लंडचं नाव, म्हणून कपाट विलायती. कुलूप विलायती, एवढंच. जेरेमाया चब यांनी डिटेक्टर कुलपाचं, म्हणजे कुणी दुसऱ्या किल्लीने उघडायला गेलं तर ते कळणाऱ्या कुलपाचं, पेटंट १८१८ ला घेतलं, आणि 'चब' हे नाव पुढे इतकं मोठं झालं की १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ते कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवलं, तेव्हा तिकडे खळबळ उडाली. असली कुलपं जहाजातून मुंबईला येत, तिथून व्यापाऱ्याकडे, आणि मग आपल्याकडचा सुतार आपल्याकडच्या सागाच्या दाराला बसवी. कपाट भिंतीपासून पुढे ओढून पाठीमागच्या फळ्यांवरून हात फिरवा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या ताशायच्या हत्याराने, ताशलेल्या फळीवर लाटांसारखे उंचवटे लागतात. माझ्या हाताखालून गेलेल्या कपाटांत इंग्रजी कुलपांची बहुतेक अशीच इथली निघाली. यात कमीपणा काय? इथल्या सुताराचं काम म्हणून त्याला जास्त जपायला हवं. उलट गोदरेजचं कुलूप दिसलं की लोक कपाट नवं समजतात. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली ती १८९७ ला.

तिसरा, काळं म्हणजे शिसवी. नाही. सागाला काळं पॉलिश मारायची फॅशनच होती. खणाच्या आतल्या बाजूला, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, तिथे बघा. साग सोनेरी-तपकिरी, तेलकट वासाचा. शिसवीत जांभळट काळ्या रेघा असतात आणि खण उचलताच वजन कळतं.

चौथा मुद्दा तेलाचा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं हे आपल्याला बाटलीवरून ठाऊक आहे. साताऱ्या-वाईच्या डिसेंबरात ते कुलपाच्या आत तसंच गोठतं, उन्हाळ्यात पातळ होतं, त्यात धूळ बसते आणि दोन-तीन वर्षांत लिव्हर एकमेकांना चिकटतात. मी उघडलेल्या अडलेल्या कुलपांत सर्रास हाच मेणासारखा पिवळट थर सापडतो. त्यापेक्षा पेन्सिलीचं शिसं बारीक कुटून किल्लीला चोळा आणि किल्ली आत-बाहेर करा. चिंच-मीठ समईला ठीक आहे, कारण ती नंतर पाण्याखाली धुता येते. कपाटावरची पितळी चकती धुता येत नाही. आंबट पाणी स्क्रूच्या भोकांत मुरतं, तिथे हिरवा जंग धरतो आणि भोवतीच्या लाकडावर काळं कडं पडतं, ते पॉलिशनेही जात नाही. चकती चमकलीच पाहिजे असं नाही, कोरड्या सुती फडक्याने पुसली तरी पुरे.

फोडायचं तर मुळीच नाही. बंद कपाट पाठीमागून उघडतं. मागच्या फळ्या सहसा खिळ्यांवर असतात, एक-दोन सोडवल्या की आतून कुलपाचे चार स्क्रू हाती येतात. कुलूप बाहेर काढून झाकण उघडलं की लिव्हरची उंची दिसते, त्या मापाने कोऱ्या किल्लीला दाते पाडायचे. दोन तासांचं काम. कटावणीने दाराची चौकट फुटली तर भावाला तिथे लाकडाचा तुकडा जोडावा लागतो, आणि तो कायम दिसतो.

कायद्याचा मुद्दा निव्वळ भीती घालणारा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची अट आहे हे खरं. पण त्यात अडवलंय ते खाजगी माणसाने अशी वस्तू देशाबाहेर नेणं. तिचा धंदा करायला परवाना लागतो, तो धंदा करणाऱ्याला. घरमालकाने नोंद करायची ती सरकारने जाहीर केलेल्या प्रकारांची, म्हणजे मूर्ती-शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या अशांची. आजीचं साधं फडताळ त्यात बसत नाही. या भीतीने माणूस घाईत विकतो आणि स्वस्तात घेणाऱ्याचं फावतं.

गेल्या शनिवारी वाईला गेले होते. मावशीचं फडताळ मागून उघडलं. कुलूप काढलं तर चारांतले दोन स्क्रू प्लसचे, म्हणजे ते मूळ नव्हतंच. त्याच्या मागे मोठ्या, जुन्या कुलपाची खाच होती, तुकडा घालून बुजवलेली. दाते हाताचे, फळ्या वाकसाच्या, भोकाखाली अर्धचंद्र असा की मावशीचा अंगठा त्यात बरोबर बसला. दोन किल्ल्या घासून दिल्या. एक तिने लाल दोऱ्यात ओवून जुडग्यात घातली, दुसरी माझ्याकडेच ठेवायला दिली. तीन हजारवाल्याला तिने माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितलं.