कोथिंबिरीला साबणाचा वास येतो? मग येऊ दे की!

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘कोथिंबीर हुंगा. साबणाचा वास आला तर नाकाच्या नसा बिघडल्यात. हा एकाच जनुकाचा दोष आहे, तो गोऱ्या लोकांतच असतो आणि त्याला उपाय नाही.’

आधी नसांचं बघू. कोथिंबिरीच्या पानात अल्डिहाइड जातीची संयुगं असतात आणि तसलीच साबणातही सापडतात. म्हणजे साबण ओळखणारं नाक खोटं बोलत नाही. नाकातल्या पेशींवरच्या वास टिपणाऱ्या ग्राहींची (रिसेप्टरांची) जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ साली शोधली, त्याबद्दल २००४ चं नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० ग्राही चालू स्थितीत असतात, पण प्रत्येकाचा संच थोडा वेगळा. अँड्रोस्टेनोन हे संयुग कुणाला लघवीसारखं घाण लागतं, कुणाला गोडसर, कुणाला त्याचा वासच येत नाही. यामागे ओआर७डी४ या जनुकातला फरक असल्याचं २००७ मध्ये दिसलं. यातलं आजारी कोण ठरवायचं?

आणि जनुकातला बदल म्हणजे दोषच, असं असेल तर बासमतीलाही दोषी धरा. येळ्ळूरच्या शिवारातला भात शिजताना गल्लीभर दरवळतो ना? बासमतीत बीएडीएच२ हे जनुक बंद पडलेलं असतं, म्हणूनच दाण्यात दरवळणारं सुवासिक संयुग साचतं. त्याच ‘दोषा’साठी आपण बाजारात जादा पैसे मोजतो.

‘एकच जनुक’ हेही अर्धवट. २०१२ च्या मोठ्या अभ्यासात साबणी वासाचा धागा ओआर६ए२ या वास-ग्राहीच्या जनुकाच्या परिसराशी जुळला खरा, पण तपासलेल्या जनुकीय फरकांचा एकूण वाटा दहा टक्क्यांच्या आतच निघाला. बाकी सवय, घरचं जेवण वगैरे.

गोऱ्यांचं म्हणाल तर टोरांटोतल्या तरुणांच्या पाहणीत कोथिंबीर नावडणारे युरोपीय वंशात १७ टक्के, पूर्व आशियाईंत २१ आणि आपल्या दक्षिण आशियाईंत ७ टक्के होते. कमी आहेत, पण आहेत.

उपाय म्हणाल तर चटणी करा. वाटल्यावर पानातलीच विकरं (एन्झाइम) अल्डिहाइड मोडतात. जरा वेळ ठेवली की वास उतरतो.

लहानपणापासून साबण लागत असेल तर निवांत राहा. पण काल-परवापर्यंत आवडणारी कोथिंबीर सर्दी-तापानंतर अचानक उग्र लागायला लागली, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.