सेंद्रिय व्हा, पण हाताला शेण लागू देऊ नका

कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांनो, आधी तुमचं अभिनंदन. दोन-तीन पिढ्या साखर पिकवत शेवटी रानच साखरेसारखं पांढरं करून दाखवणं सोपं नाही. शिरोळ, मिरज, वाळवा, कुठल्याही सखल रानात उन्हाळ्यात चक्कर मारा. वर मीठ फुललेलं दिसेल. रात्री मोटर चालू करून झोपायचं आणि सकाळी पाणी शेजाऱ्याच्या रानात पोचलंय की नाही ते बघायचं, या तपश्चर्येचं हे फळ.

आता कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय की जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्याशेणातून येणारा कार्बन, संपत आलाय, अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलाय, काहीतरी करा. करू या की. फक्त जमीन सुधारता सुधारता आपल्या सवयी सुधारणार नाहीत, एवढी काळजी घ्यायची.

सुरुवात माती तपासणीनं. शास्त्र सांगतं, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती तासायची, सगळी एकत्र करून ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. एवढं ऊन कोण खाणार? बांधावर आंबा आहे, सावली आहे. तिथंच बसल्या जागी दोन मुठी उकरा. वर्षानुवर्षं पाला कुजलाय, दुपारी शेळ्या बसतात. कर्ब असा निघेल की प्रयोगशाळेतला साहेब रान बघायला गाडी काढेल. नमुन्याला वेगळी पिशवी शोधू नका, युरियाची रिकामी गोणी आहेच. नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, आकडाही जरा बरा येतो.

ज्यांना एवढेही कष्ट नकोत त्यांच्यासाठी मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासून सरकार देतं तो कागद. 19 फेब्रुवारी 2015 ला राजस्थानातल्या सुरतगडला ही योजना सुरू झाली आणि त्यात नमुन्याचा हिशेब ठरला तो असा: बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. आमच्याकडं तेवढ्यात भावकीतल्या पाच जणांच्या वाटण्या बसतात. एरवी एकमेकांचा बांध कोरणारे चुलतभाऊ एका कागदावर एकत्र आले, हे काय कमी आहे? त्या कागदावर सामू (पीएच), क्षारता, कर्ब, जस्त, बोरॉन धरून बारा आकडे असतात. ते वाचायचे नसतात. स्टार्टरची पेटी हलत असेल तर घडी करून खाली सारा, नीट बसते.

आता हिशेब, कारण शेतकरी हिशेबी असला पाहिजे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे चार टनात वीस किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीतही जवळपास तेवढंच, आणि गोणी 266 रुपये 50 पैशांना. चार टन शेणखताचा भाव विचारून बघा, वर भरणाऱ्या माणसांची हजेरी. आहे का तुलना? त्या चार टनांतला बाकीचा माल, ज्याला धरून जमिनीत पाणी राहतं, गांडूळ राहतं, मुळी खेळते, तो गोणीच्या हिशेबात बसत नाही. जे हिशेबात बसत नाही ते नसतंच, हे कुठल्याही सोसायटीच्या सचिवाला विचारा. सरकारनंही एकदा आपल्याशी हिशेब करून पाहिला. लोक किलोवर नाही, गोणीवर खत टाकतात हे ओळखून 2018 साली 50 किलोची गोणी 45 ची केली. आम्ही एक गोणी वाढवून टाकली.

पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं, काय करायचं, हे मला विचारायचीही गरज नाही. ऊसतोडीची टोळी फडातून बाहेर पडली की काडी लावा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यातही नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश (पोटॅश) त्याहून जास्त, आणि कर्ब तर तीस टक्क्यांच्या वर. सरीत दाबून, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून ते जागेवर कुजतं म्हणे. पण खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट पसरलेलं रान कसं दिसतं? आळशी माणसाचं. पेटवलेलं कसं स्वच्छ, दाढी केल्यासारखं. फक्त एक पथ्य पाळा. पेटवायच्या आदल्या दिवशी शेणखताच्या ट्रॉलीला इसार देऊन ठेवा, म्हणजे जाळणं आणि विकत आणणं यात खंड पडत नाही.

ट्रॉली आली की शेणखत पाडव्यालाच रानात टाका, छोटे छोटे ढीग करून, मृगापर्यंत उन्हात. त्यातलं नत्र ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं जाईल, काळजी नको. शेणखत कच्चंच असावं. कुजलेल्यात हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची, सोय होत नाही. वळवाचा पहिला पाऊस पडला की तिचे भुंगेरे बाहेर येतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि अंडी घालायला जागा शोधतात. त्यांना मऊ, गरम, अर्धकच्चं शेण द्या. ऑगस्टात ऊस वाळायला लागला की मग म्हणता येतं, "सेंद्रिय केलं आणि हुमणी लागली."

पण हे सगळं घाणीचं काम. खरी सेंद्रिय क्रांती बाटलीत आलीय. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर, भर उन्हात, खोक्यात रांगेनं उभ्या असतात बघा. आत करोडो जिवाणू असल्याचं लेबलावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात त्या पायरीवर त्यातले किती शिल्लक असतील, असं विचारून दुकानदाराचा अपमान करू नका. मी एकदा विचारलं होतं. त्यानं मला पाणी दिलं, बसवलं आणि हजार रुपयांची दुसरी बाटली दिली.

वापरायची रीत आमच्या तात्यांकडून शिका. त्यांनी ट्रायकोडर्मा घेतला, म्हणजे चांगली बुरशी. मूळकूजही होती म्हणून बुरशीनाशक घेतलं. पंपाच्या दोन फेऱ्या कशाला, म्हणून दोन्ही एकाच टाकीत ओतून मुळांशी आळवणी केली. टाकीत काय रणकंदन झालं असेल ते देवाला ठाऊक, पण आठवड्यानं तात्या म्हणाले, "जैविकात काय दम नाही गड्या." सोयाबीनच्या बियाण्यालाही तीच तऱ्हा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत आणि सावलीत सुकवणं, असा क्रम आहे. तुम्ही सगळं एका घमेल्यात कालवा आणि पत्र्यावर वाळत घाला.

जीवामृत मात्र कराच, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येतो. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, दोनशे लिटर पाणी. गाय नाही? हरकत नाही, चित्रीकरणापुरती शेजारच्याची आणा. रानात पाचट जाळलंय, शेणखत नाही, आच्छादन नाही, अशा ठिकाणी हे सोडलं की जिवाणूंची अवस्था लग्नाला बोलावलेल्या आणि मांडवात चूलच न पेटलेल्या पाहुण्यांसारखी होते. व्हिडिओत ते दिसत नाही.

हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला असेल तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फूल लागता लागता गाडायचा असतो. पिवळंधमक रान बघून तुमचा जीव होणार नाही. ठेवा आणखी महिनाभर. काडी लाकूड झाली की नांगराला गुंडाळते आणि ट्रॅक्टरवाला पुढच्या वर्षी स्वतःच नाही म्हणतो.

आणि एवढं करून पहिल्याच वर्षी टनेज दोन-चार टनांनी घसरलं, तर त्याच दिवशी सोडा. जमिनीला चाळीस वर्षं दिली म्हणून काय झालं, कर्बाला एका हंगामापेक्षा जास्त मुदत द्यायची नाही.

शेवटचं, जरा अडचणीचं. तुमच्या गोठ्यामागं जुना उकिरडा होता ना, बैल विकल्यापासून तिकडं कुणी फिरकत नाही? तिथं या पावसात एक भोपळ्याचा वेल आपोआप उगवलाय. ना डोस, ना आळवणी, ना टॉनिक, आणि पानं सुपाएवढी. पत्र्यावर चढून आता कौलांवर निघालाय, सात भोपळे लागलेत. येणारा जाणारा थांबून बघतो, विचारतो, "काय टाकलंय हो?" उत्तर देणं अवघड होतं. पंपात तणनाशक शिल्लक असेल तर संध्याकाळी, वारा पडल्यावर, एक हात मारून घ्या.