छोट्या गाड्यांचे 'चोचले': एका लातूरकर वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत तक्रारी तीन आहेत. जोरकस इंजिनाची हॅचबॅक (मागचं दार वर उघडणारी छोटी गाडी) म्हणजे शहरी पोरांचे चोचले, तिच्यामुळं अपघात वाढतात, आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर ती टिकायची नाही.

रस्त्यांचं मान्य. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर उंचसखल होऊन बसतं. अशा ठिकाणी या गाड्यांचं कडक सस्पेन्शन थेट मणक्याला कळतं. शेतात जायला बोलेरोच न्या, माझा वाद नाही.

पण या गाड्यांची ओढ निव्वळ वेगाची नाही, हलकेपणाची आहे. फोक्सवॅगनच्या १९७६ सालच्या पहिल्या गोल्फ जीटीआय या हॅचबॅकला १.६ लिटरचं, ११० अश्वशक्तीचं इंजिन होतं. तेवढी ताकद आज क्रेटासारख्या उंच एसयूव्हीतही असते. फक्त ती गोल्फ ८१० किलोंच्या आसपास होती आणि क्रेटा सव्वा टनाच्या घरात जाते. वजन कमी आणि बैठक खाली, म्हणून स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, गाडी फारशी झुकत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात, मर्यादेत राहूनही, चालवणाऱ्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं. उंच गाडीत त्याच वळणाला मागची मंडळी वरचं हँडल धरून बसतात. समृद्धीवर मात्र ही गाडी नेण्यात काही राम नाही. सरळ रस्ता, कंटाळा सगळ्यांना सारखाच.

अपघातांचं म्हणाल तर बेदरकार माणूस ट्रॅक्टरही बेदरकार चालवतो. उसाच्या हंगामात दुपदरी रस्त्यावर, रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकून बघा. टाटाच्या अल्ट्रोझ रेसर या हॅचबॅकचं टर्बो इंजिन १७५० आरपीएमलाच, म्हणजे फार न फिरवताच, १७० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं, म्हणजे ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये काही क्षण कमी जातात. मला ही चैन वाटत नाही.

आता चोचले. भारतात चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कमी कर लागतो. १४५ अश्वशक्तीची फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, पण तिचं इंजिन १.४ लिटरचं, त्यामुळं सवलत हुकली. फोक्सवॅगननं २०१६ मध्ये पोलो जीटीआय आणली ती १.८ लिटरची आणि २५ लाखांच्या पुढची. तिला चोचले म्हणा, मी मान डोलावतो. पण बलेनो आरएस, टियागो जेटीपी, आय२० एन लाईन या सगळ्या जोरकस हॅचबॅक त्या कराच्या रेषेच्या आत बसवलेल्या. २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आली ती साडेनऊ लाखांच्या आत, एक्स-शोरूम. पाच दारं, आईवडिलांना चढायला उतरायला सोपी.

तुमच्या एसयूव्हीचा आकडा तुम्हीच पंधरा लाख लिहिलाय. मधल्या पैशातून आधी चांगले टायर घ्या, गाडी कुठलीही असो.