इंजिनाचं वय मीटरवर मोजणाऱ्यांना

आमच्याकडच्या तीन ग्रुपांवर एकाच आठवड्यात तोच मेसेज फिरला. मजकूर थोडक्यात असा: 'मोटारसायकलचं इंजिन पन्नास हजार किलोमीटरचंच असतं, कंपनीच तसं बनवते. मराठवाड्याच्या उन्हात आणि धुळीत तर तेवढंही टिकत नाही. एकदा इंजिन खोललं की गाडी कामातून गेली. पंधरा वर्षांनी सरकार ती भंगारातच घालणार. तेव्हा पन्नास हजारांच्या आत गाडी विकून टाका.' खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

मी परभणी जिल्ह्यात मास्तर आहे. शाळा खेड्यात, राहणं तालुक्याला, जाऊन-येऊन रोज बेचाळीस किलोमीटर. इकडचं तिकडचं धरून वर्षाला दहा-अकरा हजार होतात. मेसेजच्या हिशेबानं माझं इंजिन दर साडेचार-पाच वर्षांनी मरायला पाहिजे, म्हणजे हप्ते फिटून जरा हायसं वाटायला लागलं की लगेच. माझ्या शंभर सीसी गाडीचं रनिंग आज एक लाख एकतीस हजार आहे.

'कंपनीच पन्नास हजारांचं बनवते' हे खोडायला मेकॅनिकसुद्धा लागत नाही. हिरो स्प्लेंडरला पाच वर्षं किंवा ७०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देते. सत्तर हजारांपर्यंत दुरुस्ती स्वतःच्या अंगावर घेणारा कारखानदार पन्नास हजारांत बसणारं इंजिन कशाला बनवेल? त्याला धंदा करायचाय.

पण हा आकडा हवेतून आलेला नाही. तो टू-स्ट्रोकच्या काळातला आहे. राजदूत, आरएक्स १००, दूधवाल्यांची एम-८०. त्यांत पेट्रोलसोबत ऑइलही जळायचं. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असायच्या आणि पिस्टनच्या रिंगा दर फेऱ्याला त्यांच्या काठांवरून घासत जायच्या. सायलेन्सर काजळीनं भरला की तो जाळात घालून साफ करायचे, हे लहानपणी चौकात मी कितीदा तरी पाहिलंय. त्या गाड्यांना बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीचं, काम लवकर निघायचं हे खरंच. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हळूहळू फोर-स्ट्रोकचं राज्य सुरू झालं. गाड्या बदलल्या, आजोबांचा आकडा तेवढा राहिला.

आता ऊन. मेच्या महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ ला टेकतो आणि गाडी एअर-कूल्ड, म्हणजे इंजिन थंड करायला फक्त वारा. पण चालू इंजिनाचं सिलिंडर शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं असतं. त्याच्यापुढे बाहेरची हवा तीसऐवजी बेचाळीसची असली तरी ती थंडच. अडचण होते वारा पोचत नाही तेव्हा. पावसाळ्यात शेतरस्त्यानं जाऊन आलं की काळी माती इंजिनाच्या फिनांमध्ये, म्हणजे बाहेरच्या पात्यांमध्ये, बसते आणि वाळली की विटेसारखी होते. आपण टाकी चकाचक पुसतो, खाली फिनांत मात्र दिवाळीपर्यंत तीच ढेकळं. इंजिन गार असताना पाणी मारायचं आणि काडीनं माती काढायची, दहा मिनिटांचं काम आहे.

धुळीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. मुरमाच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागून जाताना आपण नाकाला रुमाल बांधतो. गाडीचा रुमाल म्हणजे एअर फिल्टर. तो फाटका असला की बारीक रेती आत जाते आणि ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी सिलिंडर घासते. कागदी फिल्टर हवा मारून 'साफ' करायची आपल्याकडे फार हौस. तेलकट कागदाचा फिल्टर साफ करायचा नसतोच, बदलायचा असतो. कंपनी साधारण पंधरा हजारांना बदला म्हणत असेल तर आपल्या रस्त्यांवर मी आठ-दहा हजारांनाच बदलतो.

आता माझी चूक. २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. आमच्याकडेही टँकरची वाट बघणं चालू होतं. मी महिना-दीड महिना सकाळ-संध्याकाळ गाडीला दोन्हीकडून कॅन बांधून विहिरीवरून पाणी आणत होतो. पहिला-दुसरा गिअर, चढ, वेग नाही म्हणून वारा नाही. सर्व्हिसिंगची आठवण कुणाला! एक दिवस गाडी निळा धूर मारायला लागली आणि टकटक आवाज सुरू झाला. मेकॅनिकनं ऑइलची पातळी दाखवणारी काडी काढली, पुसली, परत घातली, बाहेर काढून माझ्यापुढे धरली. टोकालाही ओल नव्हती. खालचा नट खोलल्यावर चहाच्या कपाएवढं काळंकुट्ट काहीतरी टपकलं.

"सर, घरच्या माठात पाणी आन् हिच्या पोटात थेंब नाही. आता तुमीच सांगा."

त्या दिवशी मीटर अठ्ठेचाळीस हजारांवर होतं. मेसेजवाल्यांचा आकडा अगदी तंतोतंत! बाहेरून कुणी बघितलं असतं तर 'बघा, पन्नास हजारांत बसलं' असंच म्हणाला असता. पण या इंजिनात ऑइल मावतं लिटरभराच्या आसपास. तेवढ्याच ऑइलवर पिस्टन, गिअर आणि क्लच चालतात, वर इंजिनाची उष्णताही तेच ओढून नेतं. हजार किलोमीटरला शंभर मिली जरी जळलं तरी चार-पाच हजारांत अर्धं संपतं, आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा नसतो. आता दर रविवारी गाडी मेन स्टँडवर घेऊन दोन-तीन मिनिटं चालू ठेवतो, बंद करून तेवढाच वेळ थांबतो आणि काडी बघतो. बघताना काडीचे आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. फिरवली की पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

आता 'एकदा इंजिन खोललं की गाडी कामातून गेली' हे. त्या वर्षी हाफ इंजिन केलं. बोअर पाव मिलिमीटरनं वाढवून त्याच मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा, व्हॉल्व्ह सील. खर्च नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांइतका. त्यानंतर त्र्याऐंशी हजार किलोमीटर झाले. लोकांची भीती बिनबुडाची आहे असं नाही. रस्त्याच्या कडेला, वारा सुटलेला, उघड्या इंजिनावर पेपर टाकून चहाला जाणारे मेकॅनिक मीही पाहिलेत. माझ्या मेकॅनिकनं बोअर धुऊन पांढऱ्या फडक्यानं पुसला, फडकं पांढरं राहीपर्यंत. मग रिंग एकटीच बोअरमध्ये सरकवून तिच्या तोंडातली फट गेजनं मोजली. मेकॅनिक निवडताना मी तेव्हापासून एवढंच बघतो, त्याच्याकडे गेज आहे का. एक मात्र खरं: केटीएमसारख्या काही गाड्यांच्या सिलिंडरला आतून कोटिंग असतं, तिथं बोअर वाढवता येत नाही, सिलिंडरच बदलावं लागतं.

धूर दिसला की बोअर गेला असंही नसतं. सकाळी चालू करताना किंवा उतारावर रेस सोडून परत दिल्यावर धुराचा एक लोट येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील कडक झालेलं असतं, रबराची चिल्लर वस्तू. रेस देताना धूर सतत निघत असेल तर रिंगांकडे बघावं.

पंधरा वर्षांचं तर दिल्लीचं आहे. पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची बंदी तिकडची. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं तर एका भाच्यानं विचारलं, "मामा, मग तुमची गाडी विकायची कितीला?" त्याला म्हटलं, रविवारी ये, आधी काडी बघू.