साहेबांचं डोंगल

तीन वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी सरकारी कार्यालयात सिक्युरिटी ऑडिटला, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर आणि नेटवर्कची सुरक्षा तपासायला, गेले होते. जिल्हा कुठला, खातं कुठलं, काहीच सांगणार नाही. कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका. सर्व्हर बघायचाय म्हटल्यावर शिपाईमामांनी किल्ल्यांचा जुडगा आणला आणि अभिलेख कक्षाचं कुलूप काढलं. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, मोडक्या खुर्च्या, पत्र्याच्या ट्रंका आणि त्या सगळ्याच्या मागे एका स्टुलावर सर्व्हर. पंखा चालू, एसी बंद. "एसीचं पाणी गठ्ठ्यांवर पडतं, म्हणून बंद ठेवतो," मामा म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. कागद भिजला तर मामांना मेमो मिळणार होता. सर्व्हर तापून बसला तर मेमो कोणाला, हे त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं.

खरी गंमत बाहेरच्या हॉलमध्ये होती. तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर मुलाच्या मशीनला साहेबांचं डोंगल खोचलेलं. ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. अधिकाऱ्याची डिजिटल सही, म्हणजे डीएससी, एका यूएसबी टोकनमध्ये असते. त्याला सगळे डोंगलच म्हणतात. ते लावायचं, पिन टाकायचा, की साहेबांची सही झाली, आणि कायद्याने तिला पेनने केलेल्या सहीइतकीच किंमत. पिन कीबोर्डच्या पोटाला चिकटपट्टीने लावलेला होता. मी विचारलं, कधी बदलता?

"साहेब बदलले की नवीन डोंगल येतं मॅडम. पिन तोच ठेवतो. लक्षात राहतो."

या मुलावर हसू नका. बीसीएस झालेला, एजन्सीमार्फत घेतलेला, पगार तेव्हा तीन महिने थकलेला. प्रिंटरपासून व्हिडिओ कॉन्फरन्सपर्यंत सगळं तोच बघायचा. राउटरचा कंपनीतून आलेला पासवर्ड त्याने कोणी न सांगता बदलला होता. दर शुक्रवारी तो बॅकअप घ्यायचा, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क सॅकमध्ये टाकून घरी न्यायचा. माझ्या रिपोर्टात ही गंभीर त्रुटी म्हणून आली, यावीच लागते. पण त्या अख्ख्या कार्यालयात डेटा गेला तर काय, याची काळजी असलेला तो एकटा माणूस होता आणि सरकारच्या लेखी तो कर्मचारीसुद्धा नव्हता. कागदोपत्री सायबर सुरक्षेचे नोडल अधिकारी होते लेखा शाखेतले एक गृहस्थ. अतिरिक्त कार्यभार. निवृत्तीला सात महिने राहिलेले. मला चहा पाजून म्हणाले, "ताई, तुम्ही काय लिहायचं ते लिहा, मी सही करतो."

हे आज आठवायचं कारण, परवा एका ओळखीच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा तेच वाक्य ऐकवलं: "आम्हाला चांगली माणसं मिळतच नाहीत हो." बारा वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं मत उलटं झालंय. माणसं आहेत, पैसाही निघतो, पण बसवायला खुर्ची नाही. सरकारी भाषेत बोलायचं तर आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद नाही. जिल्हा पातळीच्या बहुतेक कार्यालयांत लिपिक आहे, वाहनचालक आहे, टंकलेखकाचं पद तर टाइपरायटर भंगारात गेल्यावरही मंजूर आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचं पद मात्र 'बाह्यस्रोतातून'. जो माणूस बाह्यस्रोतातून येतो तो साहेबांना "हे डोंगल तुमच्या खिशात ठेवा" असं कसं सांगणार?

आणि हा फक्त तालुक्या-जिल्ह्याचा प्रकार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. देशातल्या मोठ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक जवळपास दोन आठवडे कागद-पेनवर चाललं. नोंदणी हाताने, रिपोर्ट हाताने. सरकारने संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले आणि अंदाजे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. कारण? नेटवर्कची नीट विभागणी नव्हती. आमच्या धंद्यात हा पहिल्या आठवड्याचा धडा. वाड्याला दिंडी दरवाजा असतो, पण आत प्रत्येक खोलीलाही कडी असते, म्हणजे चोर अंगणात आला तरी तिजोरीपर्यंत लगेच पोचत नाही. तिथे आत कड्याच नव्हत्या. बॅकअपचा एक सर्व्हर वाचला म्हणून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला. हे कौतुकाने सांगते, कारण तो बॅकअप कोणीतरी नेटाने ठेवला असणार.

गोव्याचा किस्सा मला त्याहून बोचतो, कदाचित तो लहान आहे म्हणून. जून २०२२. गोव्याच्या जलसंपदा खात्याची पूर-निरीक्षण यंत्रणा, नद्यांवर १५ ठिकाणी केंद्रं, पाण्याची पातळी आणि पाऊस सतत पणजीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर येतो. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर त्या सर्व्हरच्या फाइल्स रॅन्समवेअरने बंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. खात्याने पोलिसांकडे जी तक्रार दिली तिच्यात कारण स्वतःच लिहिलं होतं: सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला, अँटीव्हायरस नाही, फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरची राखण) जुनी. तक्रार वाचताना मला ते स्टूल आठवलं. या हल्ल्यासाठी कोणी मोठा गुप्तहेर लागला नसणार. उघडं दार दिसलं, आत शिरले. त्या मशीनचं रोजचं अपडेट बघणं हे ज्याचं काम आहे असा एक माणूस, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, एवढंच पुरलं असतं.

आपल्याकडे एमआयडीसीलाही मार्च २०२१ मध्ये असाच फटका बसला. मुंबईचं मुख्यालय आणि प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं होतं. किती जणांच्या लक्षात आहे? उद्योजक मंडळींच्या असेल.

देशभरातल्या सरकारी संस्थांमधल्या सायबर घटनांचा संसदेत दिलेला आकडा २०१९ साली ८५,७९७ होता आणि २०२३ साली २,०४,८४४. नोंदी करायला लागलो म्हणूनही आकडा वाढतो, हे मान्य. तरी.

आता आमच्याच धंद्याची लाज सांगते, नाहीतर म्हणाल सरकारला शिव्या घालणं सोपं आहे. सरकारी वेबसाइट चढवण्याआधी सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, यादीतल्या संस्थेकडून ऑडिट करून 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नियम उत्तम आहे. पण ऑडिटचं टेंडर निघतं आणि एल-वनला जातं. एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दर. आठ दिवसांच्या कामाला दोन दिवसांचे पैसे लावून काम घेतलेलं मी पाहिलंय. मग काय होतं, तर टूल चालवायचं, जे येईल ते रिपोर्टात चिकटवायचं, डेव्हलपरने चार गोष्टी दुरुस्त केल्या की प्रमाणपत्र. तपासायला दिलेली साइट वेगळी, प्रत्यक्ष चालणारी वेगळी, हेही पाहिलंय. प्रमाणपत्राची शाई वाळायच्या आत साइटवर नवीन फॉर्म चढतो, तो कोणीच तपासलेला नसतो. अशा प्रमाणपत्रांखाली माझीही सही आहे. माझी मात्र पेनने होती, डोंगलने नाही, एवढाच फरक.

म्हणजे सरकार काय विकत घेतं, तर खोके आणि कागद. लाखो रुपयांची फायरवॉल येते, कारण खरेदीला बजेटात शीर्ष आहे. तिचे लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं याच्या नोंदी, वाचायला माणूस येत नाही, कारण त्याला शीर्ष नाही. २०२२ पासून सर्ट-इनचा नियम आहे की घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. जपतात की! पण लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवून विसरावी तसे.

"पण खासगी कंपन्यांएवढा पगार आम्ही कुठून देणार?" हा पुढचा प्रश्न. खरा आहे, पण अर्धा. एनआयसीत, म्हणजे केंद्र सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या संस्थेत, सायंटिस्ट-बी म्हणून लागलं तर मूळ वेतन ५६,१००, वर भत्ते. पुण्यात चांगल्या सिक्युरिटी टेस्टरला पाच-सहा वर्षांत त्याहून बरंच जास्त मिळतं. पण नोकरीची शाश्वती, गावाजवळचं पोस्टिंग आणि 'सरकारात आहे' हे शब्द यांची किंमत मराठी घरात काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. लाखो मुलं सात-आठ वर्षं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत घालवतात, ती काय पगाराचं पॅकेज बघून? याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि तीन वर्षांत 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. तेव्हाही बाहेर जास्त पगार होताच. करण्यासारखं काम होतं आणि ते करू देणारे लोक होते, म्हणून माणसं थांबली.

(ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये सायबर सुरक्षा प्रमुखासाठी साधारण ५० ते ५७ हजार पौंडांची जाहिरात दिली होती, तिची जगभर टिंगल झाली. तेव्हा हे दुखणं फक्त आपलं नाही. पण शेजाऱ्याचंही छप्पर गळतंय म्हणून आपण भिजायचं कशाला?)

भरतीची चाळणी हा आणखी एक विनोद. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख कुशल माणसं तयार करायचं उद्दिष्ट होतं. एनआयसीने २०२३ मध्ये ५९८ पदांची जाहिरात काढली, चांगलं केलं. पण अशा भरतीत आधी पदवी, मग वय, मग बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा पेपर. आमच्या क्षेत्रातली निम्मी तल्लख पोरं कॉलेजात एटीकेटी घेऊन बसलेली असतात, कारण रात्रभर ती दुसऱ्याच्या सिस्टिममधली भोकं शोधत असतात.

असाच एक मराठवाड्यातला मुलगा मला ऑनलाइन भेटला. एका सरकारी पोर्टलवर त्याला दिसलं की ब्राउझरमधल्या पत्त्याच्या ओळीतला अर्ज क्रमांक एकाने वाढवला की दुसऱ्याच माणसाची कागदपत्रं उघडतात. आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला, सगळं. हे भोक इतकं जुनं आहे की त्यावर पीएचडी होऊ नये. त्याने साइटवरच्या पत्त्यावर मेल केला, तो परत आला: मेलबॉक्स भरलेला. फोन केला तर "तुम्ही आत शिरलातच कसे?" असा उलटा सवाल. घरी वडिलांना कळलं, ते घाबरले. त्यांचं घाबरणं मला खोटं वाटत नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय शिरणं हाच ठपका आहे. कलम ६६ खाली शिक्षा व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो, पण आपला हेतू प्रामाणिक होता हे सिद्ध करायला पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढाव्या लागणार. सर्ट-इनकडे त्रुटी कळवायची रीतसर सोय आहे, ती मी त्याला दाखवली. पण तोवर त्याने कानाला खडा लावला होता. आता तो परदेशी कंपन्यांना त्यांची भोकं शोधून देतो. डॉलरमध्ये बक्षीस मिळतं आणि वर 'आभारी आहोत' म्हणून नावही छापतात. वडिलांनी त्या पैशातून बोअर मारलं.

याला म्हणतात माणसं मिळत नाहीत.

आणि पारदर्शकतेचं काय? एम्सच्या हल्ल्याला वर्ष होतंय तोच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर काढलं. संवेदनशील माहिती झाकावी हे मला पटतं, मी त्याच धंद्यातली आहे. पण कुठल्या खात्यात काय चुकलं हेच कळलं नाही तर शेजारच्या खात्याने शहाणं व्हायचं कशावरून?

मला कोणी विचारलं नाही, तरी सांगते. प्रत्येक जिल्ह्याला एक कायम पद. फक्त या कामासाठी. त्याचा पगार एजन्सीच्या हातात नको. आणि गरज पडली तर कलेक्टरांच्या ऑफिसचं इंटरनेट स्वतःच्या सहीने बंद करण्याचा अधिकार. पहिल्या दोन गोष्टींना फायनान्स हो म्हणेल एखाद वेळेस. तिसरी ऐकूनच मीटिंगमध्ये चहा येतो, हे मी एकदा अनुभवलंय.

तो ऑपरेटर मुलगा मागच्या वर्षी सोडून गेला. चाकणच्या एका कंपनीत लागला, पगार एक तारखेला होतो म्हणाला. दिवाळीला शुभेच्छांचा फोन आला तेव्हा सहज विचारलं, तिकडे तुझ्या जागी कोण आलं?

"आलाय एक नवीन पोरगा. परवा मला फोन करून साहेबांचा पिन विचारत होता मॅडम."

"मग?"

"सांगितला. बदलला कुठंय त्यांनी."